सगळे मिळून किती लागले?

प्रवासाहून परतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. काय पाहिले, हा पहिला आणि किती लागले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ऐकून घेणारे थोडे. दुसऱ्याच्या उत्तराकडे मात्र साऱ्यांचे कान लागलेले असतात. गेल्या संक्रांतीच्या सुटीत मी व माझी पत्नी मुंबईहून गोव्यापर्यंत आगबोटीने, आजच्या भाषेत क्रूझने, जाऊन आलो. शाळा उघडली त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत दुसरा प्रश्न आला, आणि तोही तेलुगूत : ‘एंत अयिंदि, सार?’ मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, ‘दोघांचे तीस हजार.’

हे उत्तर खरे नव्हते. तीस हजार हा आकडा जाहिरातीतला होता; माझ्या खिशातून गेलेला आकडा निराळाच होता. परंतु इतका पैसा दोन रात्रींत उडविला, हे सांगण्याचा संकोच वाटला आणि जाहिरात नीट न वाचता पैसे भरले, हे कबूल करण्याची त्याहून अधिक लाज वाटली. चाळीस मुलांच्या वह्यांतील हातच्याच्या चुका तांबड्या शाईने दाखविणाऱ्या माणसाची ही अवस्था! सहकारी ‘असं होय?’ म्हणाले, घंटा झाली, तास सुरू झाला. प्रकरण तेथेच मिटले असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

पंधरवडा लोटला असेल. आमच्या शाळेचे अटेंडर, ज्यांना लहानथोर सारेच मामा म्हणतात, माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. येत्या जूनअखेर ते सेवानिवृत्त होत आहेत. म्हणाले, ‘सर, ग्रॅच्युइटी हाती आली की हिला एकदा बोटीत बसवून आणावं म्हणतो. जन्मात तिनं समुद्र पाहिला नाही. चाळीस हजार बाजूला काढतो. तीस तुम्हाला लागले, वरखर्चाला दहा. पुरतील ना?’

मी ‘पाहू’ म्हणालो. याखेरीज त्या वेळी माझ्या तोंडून काही निघाले नाही.

तलमडुगुसारख्या गावात ‘समुद्र पाहिला नाही’ या वाक्याला निराळे वजन आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस पिकतो, तूर पिकते, सोयाबीन पिकते. पाणी म्हणजे पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र. १९५६ साली राज्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट व राजुरा पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत दोन्ही, असा आमचा संसार. कोकण आणि गोवा आम्ही पाहिला तो पाठ्यपुस्तकातून. त्यामुळे मुंबईच्या मेहुण्यांनी एका एजंटाची जाहिरात फोनवर पाठविली, तिच्यावर निळ्या पाण्यात उभी असलेली पांढरीशुभ्र बोट होती, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘१४,९९९ रुपयांपासून’ असे लिहिले होते, तेव्हा मी एम. ए. झालेला मनुष्य असूनही त्या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द वाचलाच नाही. तो शब्द म्हणजे ‘पासून’. पंचमीच्या अर्थाचे हे शब्दयोगी अव्यय मी तीस वर्षे शिकवीत आलो आहे.

त्या ‘पासून’चा अर्थ असा. दर आहे तो माणशी, आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. खोली आतल्या बाजूची, म्हणजे जिला खिडकी नाही अशी. दिवस आडवारचे, सुटीचे नव्हेत. आणि एवढ्यावर बंदराचा आकार, सेवेचा आकार व सरकारी कर हे तिन्ही निराळे. आम्ही संक्रांतीच्या सुटीत जाणार, म्हणून खिडकी नसलेल्याच खोलीचा दर माणशी १८,००० झाला. दोघांचे ३६,०००. बंदराचा आकार ५,०००. ग्रॅच्युइटी या नावाने २,०००. या साऱ्यावर कर ७,७४०. बोटीवर पाऊल टाकण्याआधीच ५०,७४० रुपये गेले होते.

माझी थोरली बहीण, अक्का, हिलाही यावयाचे होते. मेहुणे जाऊन तिला चार वर्षे झाली. एकटीसाठी खोली विचारली तर तिच्या एकटीचे जवळजवळ दोघांचे पैसे पडत होते. कारण बोटीवाल्यांचा हिशेब माणसाचा नसून खोलीचा असतो आणि रिकाम्या खाटेचेही भाडे त्यांना वसूल करावयाचे असते. हे जगभरच्या बोटींवर असेच चालते. आमच्याच खोलीत तिसरी खाट घेतली असती तर पुष्कळ स्वस्तात झाले असते, परंतु अक्का म्हणाली, ‘तुम्हा दोघांत मी कशाला?’ आणि ती आली नाही. एकट्या माणसाने बोटीने जावयाचे असेल तर ही गोष्ट आधी विचारून घ्यावी, आणि शक्य तर दुसऱ्या कुणाची सोबत शोधावी. ‘मुले फुकट’ या शब्दांनाही बहुधा असेच शेपूट असते : भाडे माफ, पण बंदराचा आकार व कर माफ नाहीत.

बोटीच्या भाड्याची ही चढउतार काही आजची नव्हे. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरीनहून कोलंबोला जाणारी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. प्रतिस्पर्धी इंग्रज कंपनीने आपले भाडे एक रुपयावर आणले, तेव्हा स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर नेले. यावर इंग्रज कंपनीने उतारूंना फुकट नेण्याची तयारी दाखविली आणि वर एकेक छत्री भेट देऊ केली, अशी कथा सांगतात. १९०८ साली पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ साली ती स्वदेशी कंपनी मोडीत निघाली. एजंटाच्या जाहिरातीत ‘दुसऱ्या प्रवाशास अर्धे भाडे’ असे वाचले की मला ती छत्री आठवते. फुकटाची किंमत कुणीतरी, कुठेतरी, केव्हातरी मोजलेली असते.

आपल्या कोकणच्या बोटींचा प्रकार याहून साधा होता. उस्मानियाला आम्हाला शिकविणारे एक प्राध्यापक मूळचे मालवणकडचे. लहानपणी ते मुंबईहून गावी बोटीने जात. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ ही नावे त्यांच्या तोंडून मी प्रथम ऐकली. भाऊच्या धक्क्यावर वळकटी टाकून डेकवर जागा धरावयाची, सोबत दशम्या व लसणीची चटणी, आणि बंदर आले की पडावातून किनारा गाठावयाचा. एकदा तिकीट काढले की पुढे खिशात हात घालण्याचा प्रसंग सहसा येत नसे. येऊन येऊन चहाचा येई. ती वाहतूक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. १९९४ साली दमानियांची वेगवान कॅटॅमरान आली आणि गेली. २००५ साली ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईहून निघू लागली, २०१८ साली ‘आंग्रिया’ आणि २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’. या साऱ्या सुखाच्या सफरी. गावी जाणाऱ्याची वाहतूक नव्हे. पूर्वीची बोट गावी पोचविण्याचे पैसे घेई. हल्लीची बोट राहण्याचे, जेवणाचे, मनोरंजनाचे पैसे घेते. गोव्यास जाणे हे निमित्त.

आता प्रत्यक्ष बोटीवरचा हिशेब सांगतो, कारण प्रश्न पुष्कळांचे तेथेच अडतात.

आदिलाबादहून नंदिग्राम एक्स्प्रेसने आम्ही मुंबईस पोचलो व दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पिअरला गेलो. याच धक्क्याला एके काळी पी अँड ओ कंपनीच्या विलायतेच्या टपालाच्या बोटी लागत. चढतानाच प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचे पाकीट. बोटीवर रोख रक्कम चालत नाही. एका खिडकीवर काही रक्कम जमा करावयाची, मग जे घ्याल ते त्या कार्डावर मांडले जाते आणि उरलेले शेवटी परत मिळते. सोय मोठी, धोकाही मोठा, कारण नोट हातातून जाताना जी एक बारीक कळ उठते ती कार्ड दाखविताना उठत नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही वरच्या मजल्यावर एका टेबलाशी बसलो. पांढरा कोट घातलेला मुलगा येऊन अदबीने उभा राहिला. पत्नी माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘अहो, चहाचे पैसे पडतात का, विचारा ना.’ मी म्हणालो, ‘तू विचार.’ शेवटी कुणीच विचारले नाही आणि आम्ही चहा न पिताच उठलो! पुढे कळले की खालच्या भोजनगृहातला चहा भाड्यातच होता. या टेबलावरची कॉफी तेवढी विकतची. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातले एक कुटुंब आम्हाला भेटले. सकाळचा नाश्ता त्यांनी खोलीत दार लावून, घरून आणलेल्या चिवड्यावर भागविला होता. खाली इडलीपासून शिऱ्यापर्यंत सारे मांडलेले होते आणि त्याचे पैसे त्यांनी महिन्यापूर्वीच भरलेले होते. ‘आम्हाला वाटलं, बिल लावतील,’ बाई म्हणाल्या. आम्ही चौघेही हसलो. परंतु हसण्यासारखे त्यात फारसे नव्हते. विचारले तर आपण लहान दिसू, या भयाने चार सुशिक्षित माणसे भरल्या ताटावरून उपाशी उठली होती.

म्हणून स्थूलमानाने सांगतो. बोटीबोटीत थोडा फरक असावयाचाच. मुख्य भोजनगृहातले जेवण, नाश्ता, साधा चहा, पिण्याचे पाणी, पोहण्याचा तलाव व बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम भाड्यात धरलेले असतात. खास म्हणविणारी उपाहारगृहे, बाटलीबंद पेये, मद्य, फोनवरचे इंटरनेट, बोटीवरचा छायाचित्रकार टिपतो ती छायाचित्रे, मालिश, आणि बंदरावर उतरून गाव दाखविण्याची बस, हे सारे वेगळे. छायाचित्रकारापासून सावध राहावे असे नव्हे, पण तो शंभर वेळा टिपतो आणि फुकट टिपतो. पैसे पडतात ते प्रत घेताना. आम्ही एक प्रत घेतली. तिच्यात मी ओळखू येत नाही. पत्नी फार चांगली आली आहे. किनारा दिसेनासा झाला की मोबाईल विमानात ठेवतात तसा बंद अवस्थेत ठेवावा. नाही तर तो बोटीवरच्या उपग्रहाच्या यंत्रणेशी आपण होऊन जोडला जातो आणि घरी आल्यावर भलतेच बिल येते. गोव्यास मुरगाव बंदरात उतरून बसने हिंडण्याचे आमचे ३,२०० गेले. त्याच दिवसात स्वतः टॅक्सी करूनही हिंडता येते. मात्र बोट वेळेला निघते आणि मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न बक्षिसीचा. आमच्या पावतीवर ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द पाहून मी प्रथम बुचकळ्यात पडलो. सरकारी नोकराच्या लेखी ग्रॅच्युइटी म्हणजे आयुष्यभराच्या चाकरीअखेर मिळणारे उपदान. बोटीवर तोच शब्द नोकरांना द्यावयाच्या खुशालीला लावतात. परदेशी बोटींवर ही रक्कम दर माणशी दर दिवशी साधारण सोळा ते वीस डॉलर आकारली जाते, आणि पेयांच्या बिलावर अठरा-वीस टक्के निराळे. आपण द्यावयाची ती खुशाली दुसऱ्याने आपल्या बिलात आधीच मांडून ठेवावी, हे पुष्कळांना खटकते. मलाही खटकले.

आपल्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींची जात निराळी. बक्षीस ही देणाऱ्याची मर्जी. दिली तर दिली. बलुते हा घेणाऱ्याचा हक्क. सुताराने वर्षभर नांगर दुरुस्त केला, खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला, तेथे मर्जीचा संबंध नाही. आणि तिसरा शब्द आमच्या निजामी मुलुखातला, मामूल. मूळ अर्थ वहिवाट. पण कचेरीत तो कोणत्या अर्थाने चालतो हे या भागातील वाचकांना सांगावयास नको. बोटीवरची ग्रॅच्युइटी नाव सांगते बक्षिसाचे आणि वागते बलुत्यासारखी. माझी तक्रार रकमेविषयी नाही, नावाविषयी आहे. ती मजुरीच आहे, तर भाड्यात धरावी. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने २०१९ साली तसेच केले. बक्षिसीचा वेगळा आकार काढून टाकून तो भाड्यातच घातला.

आमची खोली झाडणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. बोटींवर काम करणाऱ्यांत गोव्याचे व कोकणचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. वर्षातले कित्येक महिने घराबाहेर, आणि त्या महिन्यांत रविवार नाही. खलाशांच्या किमान वेतनाचा एक आंतरराष्ट्रीय आकडा आहे. २०२५च्या जानेवारीपासून तो महिना ६७३ डॉलर झाला. मात्र तो कुशल खलाशाचा. खोल्या झाडणाऱ्याचे आणि ताटे उचलणाऱ्याचे पुष्कळसे उत्पन्न अनेक बोटींवर या खुशालीवरच उभे असते. आमच्या दोन हजारांतले त्याच्यापर्यंत किती पोचतात, असे मी त्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, चादर बदलू का?’

मग पुन्हा द्यावे की न द्यावे? नियमाने पाहता देण्याचे कारण नव्हते. पैसे घेऊन झाले होते. शेवटच्या रात्री पत्नीने तिळगुळाची पुडी बांधली आणि तिच्यात पाचशेची नोट ठेवली. मी म्हणालो, ‘आपण आधीच दिलेत.’ ती म्हणाली, ‘ते बोटीला दिले.’ हिंदीत नावेच्या भाड्याला उतराई म्हणतात आणि तुलसीदासांच्या रामायणात केवट ती घ्यावयास नाकारतो. मराठीत मात्र आपण उपकाराचे उतराई होतो. त्या रात्री खिडकी नसलेल्या खोलीत हे सारे मी पत्नीला समजावून सांगू लागलो, तोवर तिला झोप लागली होती.

शेवटची बेरीज अशी. आधी भरलेले ५०,७४०. बोटीवर आणि गोव्यात ४,३४०. तिळगुळातले ५००. गावापासून मुंबईपर्यंत जाऊन येण्याचे, आगगाडी व टॅक्सी धरून, ६,३००. एकूण ६१,८८०. मुक्काम मेहुण्यांकडे, म्हणून त्याचे शून्य. सांगितले होते तीस हजार.

हा कागद घेऊन मी मामांना बोलावले आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखविला. मध्ये ते काही बोलले नाहीत. ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द आला तेव्हा मात्र त्यांनी मला थांबविले. ‘म्हणजे सर, माझी ग्रॅच्युइटी त्यांच्या ग्रॅच्युइटीत?’ मी मान हलविली. आधी खोटे का सांगितले, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर बरे वाटले असते. सुटीचे दिवस सोडून आडवारी गेले तर भाडे बरेच उतरते, महिने-दोन महिने आधी ठरवावे, पण ऐनवेळी रद्द केले तर भरलेले बुडते, हेही मी सांगितले. आडवारचा हिशेब मांडून पाहिला. तरी आकडा चाळीसच्या पुढेच राहत होता, आणि मुंबईत त्यांचे मेहुणे नाहीत.

बराच वेळ कागदाकडे पाहून मामांनी विचारले, ‘नुसतं उभं राहायचं तिकीट नसतं का, सर? डेकवर? आम्हाला झोपायचं नाही तिथं. पाणी पाहायचं आहे.’

आमच्या प्राध्यापकांच्या काळी ते मिळत असे. या बोटीवर ते मिळत नाही. पण भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० सालापासून मोठी रो-रो बोट जाते, तिच्या पोटात मोटारी उभ्या राहतात आणि वर माणसे बसतात. तासाभराचा प्रवास, काही शे रुपयांचे तिकीट. वर उघड्यावर उभे राहिले की चहूकडे पाणीच पाणी. हे मी मेहुण्यांना विचारून त्यांना सांगितले, आणि मुंबईत दोन रात्री तुम्ही दोघांनी त्यांच्याकडेच उतरावयाचे, हेही मेहुण्यांकडून कबूल करवून घेतले. नंदिग्रामची जुलैतली तिकिटे पाहू लागलो तेव्हा मामीच म्हणाल्या की पावसात समुद्र खवळतो, दसऱ्यानंतर जाऊ.

जाता जाता मामा दारात थांबले. ‘त्या बोटीवर चहा मिळतो ना, सर?’

‘मिळत असावा.’

‘पैसे पडतात का, तेवढं विचारून ठेवा.’